नाव टाका, एंटर दाबा

काळ्या पडद्यावर ‘हूइज’ टाइप करायचं, पुढे आडनाव, आणि एंटर. पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, फोन नंबर, ईमेल, सगळं ओळीने समोर. १९८२ साली इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवर ही सोय होती आणि ती वापरण्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. कमांड आजही चालते. उत्तरातून माणूस मात्र नाहीसा झाला आहे.

सुरुवात कागदावर झाली. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये, एसआरआय या संशोधनसंस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू सत्तरच्या दशकात अर्पानेटची छापील डिरेक्टरी काढत असे. कुठल्या यंत्रावर कोण काम करतं, याची चौकशी करायला लोक तिथेच फोन करत. छापून हातात येईपर्यंत त्यातलं बरंच शिळं झालेलं असायचं. अखेर मार्च १९८२ मध्ये तिथल्याच केन हॅरेनस्टीन आणि विक व्हाइट यांनी हूइजचा तपशील लिहून काढला. पोर्ट ४३ वर एक ओळ पाठवायची. उत्तर आलं की जोडणी बंद. नाव अर्धवटच आठवत असेल तर पुढे तीन टिंबं द्यायची, मिळतीजुळती सगळी नावं यायची. नेटवर्कवर ज्याचं खातं आहे त्या प्रत्येकाने नाव नोंदवावं, असा अमेरिकी संरक्षण खात्याच्या दळणवळण संस्थेचाच आग्रह होता.

याहून जुना आणि जास्त गप्पिष्ट होता ‘फिंगर’. १९७१ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट पाहत होते की, सहकारी यंत्रावर हजर असलेल्यांची यादी काढतात आणि त्यातल्या त्रोटक खुणांवरून बोट फिरवत माणूस शोधतात. त्यांनी बोटाचं काम करणारा प्रोग्रॅमच लिहिला. खरं नाव, यंत्रावरची शेवटची हजेरी, आणि जोडीला ‘प्लॅन’ नावाची फाइल. सुट्टीवर कधीपर्यंत आहे हे सांगण्यासाठी ती होती. लोकांनी तिच्यात विनोदही लिहिले, तक्रारीही. कार्नेगी मेलन विद्यापीठात तर कोकच्या मशीनलाही फिंगर करून कुठल्या बाटल्या गार झाल्यात ते विचारता यायचं.

हा मोकळेपणा एकमेकांना ओळखणाऱ्यांचा होता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, ज्या वाटांनी पसरला, त्यांपैकी एक होती फिंगरचा सर्व्हर. प्रश्नासाठी राखलेल्या ५१२ बाइटच्या जागेत त्याहून लांब मजकूर घुसवला की यंत्र ताब्यात. पुढे एकेका ठिकाणी फिंगरचं पोर्ट ७९ बंद होत गेलं. छिद्र बुजवता आलं असतं, बुजवलंही. पण ‘अमुक आत्ता यंत्रावर आहे का’ हे कुणालाही सांगायची हौस फिटली होती.

१९८८ मध्येच टेलिफोन खात्यांच्या जगातून एक्स.५०० आलं: देश, संस्था, विभाग, माणूस अशा उतरंडीचा जागतिक झाड-पसारा. कल्पना भव्य, पण भार असह्य. मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउझ आणि मंडळींनी १९९३ मध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती केली, ती एलडॅप. ‘एलडॅपसर्च’ ही कमांड ज्याने कंसांची भरताड सांभाळत चालवली आहे, त्याला सुटसुटीत शब्दावर हसू येईल. काही वर्षं बिगफूट, फोर११ अशा सार्वजनिक डिरेक्टऱ्या चालल्या; १९९७ मध्ये फोर११ याहूने विकत घेतली, ती मुख्यतः तिच्या ईमेल सेवेसाठी.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा स्वस्त खात्यावर नुसतीच अक्षरं दिसायची. मुंबईकराला माणूस शोधायचा तर जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी किंवा चौकशीचा १९७ नंबर होता.

हूइजमध्ये तोवर माणसांची जागा डोमेनच्या मालकांनी घेतली होती. पत्ते उघडे, म्हणून जाहिरातवाल्यांची चंगळ. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला आणि नाव-फोनच्या रकान्यांत ‘गोपनीयतेसाठी झाकलेलं’ एवढंच उरलं. मला हे योग्य वाटतं. घरचा पत्ता जगाला वाटण्याची सक्ती कशाला? भामटे तर आधीही खोटीच नावं देत. मात्र तेच खोटं नाव पन्नास डोमेनवर दिसलं की तपास करणाऱ्याला धागा मिळायचा, तो तुटला, हेही तितकंच खरं.

या सगळ्यात देवनागरीची वेगळी अडचण होती. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन आलं, पण अक्षरं कुठल्या संकेतात आहेत हे सांगायची सोयच हूइजमध्ये नव्हती. त्यामुळे देवनागरी डोमेन ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन गिचमिडीतच विचारावं लागे. हूइजचा वारस असलेल्या आरडॅपने युनिकोड सुरुवातीपासून धरला. २८ जानेवारी २०२५ पासून ‘.कॉम’सारख्या सर्वसाधारण डोमेनसाठी हूइज चालवण्याचं बंधन डोमेन-नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने काढून टाकलं.

झाकलेलं नाव हवंच असेल, तर नोव्हेंबर २०२३ पासून आयकॅनची विनंतीसेवा आहे. आपण कोण आणि माहिती कशासाठी हवी, हे अर्जात लिहायचं. द्यायची की नाही, ते डोमेन नोंदवणारी कंपनी ठरवते.