थुंकीवरून कॅन्सर कळतो का?

"तुकडा न काढता नुसत्या थुंकीवरून कॅन्सर कळतो म्हणे, खरं का ताई?" वस्तीतल्या आरोग्य शिबिरात खर्रा खाणाऱ्या एका तरुणाने मला विचारले. डॉक्टरांनी त्याला बायोप्सी सांगितली होती आणि दोन महिने तो ती टाळत होता. त्याने ऐकले ते अगदीच खोटे नाही, पण अर्धे आहे.

पेशीला साखरेपासून ऊर्जा मिळते. ऑक्सिजन कमी पडला की साखरेचे लॅक्टेट होते आणि त्या कामात लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे एलडीएच, हे एन्झाइम लागते. कॅन्सरच्या पेशी मात्र ऑक्सिजन असतानाही हीच वाट धरतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात हे दाखवून दिले. अशा पेशींत एलडीएच वाढते आणि पेशी मेली, फुटली की ते बाहेर पडते. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी तर रोजच झडून लाळेत मिसळतात. म्हणून तोंडाचा कॅन्सर, पांढरा चट्टा किंवा खर्रा-सुपारीने तोंड आखडलेले रुग्ण यांच्या लाळेत एलडीएच जास्त असल्याचे भारतातल्या अनेक अभ्यासांत दिसले. एमएमपी-९ या दुसऱ्या एन्झाइमचाही असाच अभ्यास होतो. पेशींभोवतीची वीण ते तोडते, त्यामुळे गाठीला पसरायला वाट मिळते.

सुई नाही, रक्त नाही, डबीत थुंकायचे. कल्पना छानच आहे. अडचण अशी, की हिरड्या सुजल्या तरी लाळेतले एलडीएच वाढते. आणि तंबाखू खाणाऱ्या किती जणांच्या हिरड्या धड असतात? शिवाय अमुक आकड्याच्या वर कॅन्सर, खाली नाही, अशी सर्वमान्य रेषा अजून ठरलेली नाही. आकडा कमी आला म्हणून कुणी निर्धास्त झाला, तर त्याचे नुकसानच होईल. आजही निदान बायोप्सीनेच होते.

आणि लवकर शोधायला आज यंत्राची वाट पाहावी लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंडे तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हे काम आपल्या वस्तीतल्या मुलामुलींना न जमण्यासारखे काय आहे?

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागताच होणारी आग, तोंडात तीन बोटे उभी न मावणे. यातले काहीही दिसले तर सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या, आणि सोबत जा. चिठ्ठी देऊन पाठवलेला माणूस बहुतेक वेळा मजुरी बुडते म्हणून वाटेतूनच परत फिरतो. मिश्री लावणाऱ्या आयाबाया पुरुषासमोर तोंड उघडत नाहीत, म्हणून तपासणीला एक तरी मुलगी हवीच.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणाले, "थुंकीचं नंतर पाहू, सोमवारी मी येते तुझ्याबरोबर."