मुळांच्या बिअरला गुण देताना

पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांसमोर आली ती आईच्या कपाटातली मलमाची डबी. पाय मुरगळला की आई ते मलम चोळायची आणि खोलीभर वास दरवळायचा. आता तोच वास एका गोड, फेसाळ, थंडगार पेयातून येत होता. मिलवॉकीत मामेभावाच्या घरामागच्या अंगणात आम्ही बसलो होतो आणि टेबलावर रूट बिअरच्या सहा बाटल्या होत्या.

"औषध आहे रे हे," म्हणत मी ग्लास खाली ठेवला.

"ताई, आपल्याकडून येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. पाणी पी, जरा थांब, मग परत घे."

त्या वासाचं कारण साधं आहे. विंटरग्रीन नावाच्या बुटक्या झुडपाच्या तेलात मिथाइल सॅलिसिलेट असतं. आपल्या गंधपुऱ्याच्या तेलातही तेच असतं आणि दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या मलमांतही तेच पडतं. अमेरिकेतल्या मुलांना मात्र हा वास आधी भेटतो तो चघळायच्या गोळ्यांतून आणि च्युइंगगममधून. त्यांच्या लेखी तो खाऊचा वास, आपल्या लेखी मुक्या माराचा. ही आठवण ओळखून बाजूला ठेवल्याशिवाय रूट बिअरला दिलेले गुण मला खरे वाटत नाहीत. ते गुण पेयाला मिळत नाहीत, आपल्या लहानपणाला मिळतात.

नावात बिअर असली तरी आजच्या बहुतेक रूट बिअरमध्ये मद्य नसतं. मुळात हे घरी करायचं पेय. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात सासाफ्रास नावाचं झाड वाढतं, आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं. एकाच झाडावर तीन तऱ्हेची पानं: काही अखंड, काही अंगठा सुटा असलेल्या हातमोज्यासारखी, काही तीन पाळ्यांची. तिथले मूळ रहिवासी या झाडाच्या मुळांची साल औषधात वापरत. युरोपातून आलेल्या लोकांनी तीच साल सार्सापरिला, म्हणजे आपल्या चोपचिनीच्या जातभाई वेलीची मुळं, बर्चची साल, आलं, काकवी असं हाताला येईल ते घालून उकळली आणि यीस्ट टाकून बाटल्यांत भरली. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या आपल्या घरांना मुळांचं पाणी पिणं नवं वाटू नये.

या पेयाला बाजारात आणलं ते फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स या औषधविक्रेत्याने. १८७६ च्या शतकमहोत्सवी प्रदर्शनात त्याने ते लोकांपुढे ठेवलं आणि घरी करायचं मिश्रण पुड्यांतून विकलं. त्याच्या मनात 'रूट टी' हे नाव होतं, पण खाणकामगार चहा कशाला विकत घेतील, असं एका मित्राने सुचवल्यावर चहाची बिअर झाली, अशी कथा सांगतात. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्या याच शहरात, आणि त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई तिथे हजर होत्या. रमाबाई पुढे ज्या विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियनशी जोडल्या गेल्या, त्याच मद्यविरोधी संघटनेने १८९५ मध्ये हायर्सच्या रूट बिअरवर बहिष्कार पुकारला. यीस्ट घातलं म्हणजे मद्य आलंच, असा त्यांचा मुद्दा होता. १८९८ मध्ये प्रयोगशाळेत तपासणी झाली. बाटलीभर पेयातलं मद्य अर्ध्या पावाच्या लादीतल्या इतकंच निघालं आणि बहिष्कार मागे घेतला गेला.

पुढे दारूबंदीने या पेयाला हात दिला. बंदी १९२० ते १९३३ अशी चालली. ए अँड डब्ल्यू हा आज सर्वांना ठाऊक असलेला ब्रँड १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोडी गावातल्या एका ठेल्यावर सुरू झाला. दारूबंदीच्या घटनादुरुस्तीला मंजुरी मिळाली तेही हेच साल. मिनेसोटातल्या ऑगस्ट शेल ब्रुअरीत होणाऱ्या एका रूट बिअरचं नावच '१९१९' आहे.

पण गुण देणाऱ्याने लक्षात ठेवावं असं साल १९६०. सासाफ्रासच्या तेलातल्या सॅफ्रोल या द्रव्याने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असं आढळलं आणि अमेरिकी सरकारने खाद्यपदार्थांत ते घालायला बंदी केली. ज्या मुळाच्या चवीवर हे पेय उभं होतं, तेच मूळ निघून गेलं. काहींनी सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क वापरला. बाकीच्यांनी विंटरग्रीन, व्हॅनिला, बडीशेपेच्या चवीचं अनीस, ज्येष्ठमध, लवंग, जायफळ, काकवी यांतून हरवलेली चव आपापल्या परीने पुन्हा उभी केली. हापूस कसा लागतो हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून पेटीतला आंबा त्याच्याशी ताडून बघता येतो. रूट बिअरचा असा हापूसच उरलेला नाही. म्हणून प्रत्येक बाटलीला विचारावं लागतं, बाई, तुला काय व्हायचंय? जी मऊ आणि व्हॅनिलाची व्हायला निघाली आहे तिला तिखटपणा नाही म्हणून गुण कापू नयेत. जी झणझणीत व्हायला निघाली आहे, ती मात्र खरोखर झणझणीत झाली का, हे कडकपणे बघावं.

भाच्याने सहाही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे टाकले. काचेचे साधे ग्लास घेतले. बर्फ नाही, फ्रीझरमध्ये गोठवलेले मगही नाहीत, कारण फार गार पेयाने जीभ बधिर होते आणि फक्त साखर कळते.

आधी फेस. चांगल्या रूट बिअरचा फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि टिकणारा असतो. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी युक्का या वनस्पतीचा किंवा किलाया नावाच्या झाडाच्या सालीचा अर्क घालतात. दोन्हींत सॅपोनिन असतं. रिठा पाण्यात घुसळला की जो फेस येतो, तोही सॅपोनिनचाच. आमच्यातली चार नंबरची बाटली ओतल्याबरोबर सपाट झाली. ती नुसतं साखरेचं पाणी लागली. तिला मी दहापैकी दोन दिले आणि पुढे गेले.

मग वास, तोही फेस खाली बसायच्या आत. मग घोट, जिभेच्या टोकाला नाही, तोंडभर. कोलाची सवय असलेल्याला इथे काहीतरी कमी वाटतं, ती आंबट धार. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो, रूट बिअरचा साधारण चारच्या वर. या कमी आंबटपणामुळेच मसाल्यांचे एकेक पदर सुटे होतात आणि व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा टाकला तरी ती त्याच्याशी जुळवून घेते. तिथे तिचा फ्लोट करतात तो याच बळावर. खरी परीक्षा मात्र घोट गिळल्यावर. साखर विरली की मागे काय राहतं? आमच्या दोन नंबरात अनीस आणि ज्येष्ठमध राहिलं, अगदी लांबवर. पाच नंबरात मधाचा घट्टपणा. कागद काढल्यावर कळलं की पाच नंबर तिथलीच, स्प्रेकरची. १९८५ मध्ये सुरू झालेली ही बिअरची ब्रुअरी रूट बिअर गॅसच्या आचेवर कढईत शिजवते आणि त्यात विस्कॉन्सिनचा मध घालते. तिला मी आठ दिले.

आणि मलमवाली? एक नंबर. पहिल्या फेरीत तिला तीन मिळाले होते. तासाभराने, गारवा उतरल्यावर, मी तिच्याकडे परत आले. विंटरग्रीन तसंच होतं, पण आता त्याच्या खाली लवंग सापडली, मग काकवीचा किंचित कडवटपणा. तिला झणझणीत व्हायचं होतं आणि ती झाली होती. मी तिनाचे सात केले. भाऊ आठवर अडून बसला होता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. यातल्या एका ३५५ मिलिलिटरच्या बाटलीत चाळीस ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते. आम्ही सहा बाटल्या चौघांत वाटल्या, तेही चार-चार घोट.

संध्याकाळी भावजयीने स्वयंपाकघरातून एक डबा आणला. कोल्हापूरहून आईने पाठवलेली उपळसरीची वाळलेली मुळं होती त्यात. इंग्रजीत हिलाही इंडियन सार्सापरिला म्हणतात, पण खऱ्या सार्सापरिलाशी किंवा सासाफ्रासशी तिचं कुळाचं नातं नाही. दक्षिणेत नन्नारीचं सरबत करतात ते हिचंच. तिच्या वासाचं मुख्य द्रव्य व्हॅनिलातल्या व्हॅनिलिनचं जवळचं भावंड आहे. मी एक मूळ मोडून भाच्याच्या नाकाशी धरलं. मिलवॉकीत जन्मलेल्या, उपळसरी कधी न पाहिलेल्या त्या पोराने डोळे मिटले, पुन्हा एकदा हुंगलं आणि म्हणाला, "आत्या, ही तर रूट बिअर आहे."