चिकणमातीत वाळू नको, खत घाला

दौलतगंजातल्या जुन्या घरांच्या परसात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत माती चिकण निघाली, की पहिला सल्ला ठरलेला: "वाळू मिसळा." थोड्याशा वाळूने मात्र ती विटेसारखी घट्ट होते. चिकणमातीचे कण फार बारीक; पाणी तुंबतं, हवा खेळत नाही, मुळं गुदमरतात. या कणांना बांधून माती रवाळ करतो तो कुजलेला पालापाचोळा.

तो कुजवण्याची रीतसर पद्धत आपल्या शेजारच्या इंदूरची. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड (हो, आपलेच वाड!) यांनी १९३१ साली ती पुस्तकात मांडली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर, वरून पाणी, तीनदा उलथापालथ. साधारण ९० दिवसांत खत तयार.

घरी तळाला भोकं पाडलेली जुनी बादली चालते. शेण नसेल तर मूठभर जुनं खत विरजणासारखं घाला. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच ठेवा. घाण वास आला तर आत हवा कमी आहे. सुकी पानं घालून हलवा. तयार खत वरच्या वीतभर मातीत मिसळा, पण माती हाताला चिकटत असताना मुळीच खणू नका. आणि हे दर वर्षी करावं लागतं, कारण खत मातीत हळूहळू जिरून संपतं.