पाच वर्षांची ठेव

बँकेच्या कर्ज विभागात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला मध्यमवर्गाचे मन जवळून वाचता येते. शैक्षणिक कर्जासाठी येणारे पालक मुलाच्या अभ्यासापेक्षा त्याच्या पहिल्या पगाराविषयी अधिक बोलत. चार वर्षे पैसा घालायचा आणि पाचव्या वर्षापासून वसूल करायचा, हे अभियांत्रिकीचे गणित आपल्या घराघरांत पक्के बसले आहे. म्हणूनच धातुशास्त्रात बी.ई. झालेली माझी भाची नोकरी नाकारून पीएच.डी. करते म्हणाली, तेव्हा बहीण माझ्याकडे धावली. ‘दादा, तूच समजाव तिला. आणखी पाच वर्षे शिकणार, मग कमावणार कधी?’

मी आधी आकडे मांडले. या शिक्षणासाठी सहसा कर्ज काढावे लागत नाही. ‘गेट’ किंवा ‘नेट’सारखी परीक्षा आणि मुलाखत पार केली, की विद्यावेतन मिळू शकते. केंद्राच्या कनिष्ठ संशोधकाचे विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये झाले. दोन वर्षांनी ते ४२ हजार होते, घरभाडे भत्ता वेगळा. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन छात्रवृत्तीत सुरुवातच ७० हजारांपासून ठेवली गेली. अर्थात तिथली चाळणी फार बारीक. जागाही दूर नाहीत. पवईच्या आय.आय.टी.त धातुशास्त्र व पदार्थविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर, काम चालते.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४ ला २५ हजारांवर गेलेले हेच विद्यावेतन २०१९ पर्यंत हलले नाही, आणि ते हलावे म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावे लागले. अनेकांच्या हाती पैसे महिनोन्‌महिने उशिरा पडतात. त्या काळात घर पाठीशी नसेल, तर हुशार पोरेही वाटेतच गळतात. शिवाय मार्गदर्शक कोण, हे संस्थेच्या नावापेक्षा महत्त्वाचे. त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, पुढे कुठे गेले, हवे ते यंत्र प्रयोगशाळेत आहे की तारखांसाठी दुसऱ्या गावी खेटे घालायचे, हे प्रवेशाआधीच विचारावे. जामीनदाराची चौकशी करतोच ना आपण!

आणि परतावा? तुमच्या-आमच्या खिशातल्या मोबाइलची लिथियम बॅटरीच पाहा. तिच्यासाठी लागणारे कोबाल्टचे संयुग जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली पुढे आणले. बाजारात बॅटरी आली १९९१ ला, आणि गुडइनफना नोबेल मिळाले २०१९ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी! पदार्थ आपल्या गतीने उलगडतात. त्यांना तिमाही ताळेबंद कळत नाही.

बहिणीचा खरा प्रश्न मात्र पैशाचा नव्हताच. ‘अठ्ठावीस वर्षांची होईल रे, मग लग्न?’ भाच्याने हेच ठरवले असते, तर वय कोणी मोजले असते का? मुलीच्या बुद्धीवर पाच वर्षांची ठेव ठेवताना आपण मुदतीआधीच पावती मोडायला निघतो. ज्यांच्या घरी असा हट्ट धरणारे कोणी आहे, त्यांनी एवढेच करावे: हिशेब नीट तपासावा, आणि तो जुळला तर दर दिवाळीला ‘कधी संपणार?’ असे विचारू नये.