ओव्हनमधल्या पोर्क रिब्ज वातड का होतात?

घरच्या ओव्हनमध्ये पोर्क रिब्ज तासभर भाजल्या. वरून रंग छान आला, पण खाताना वातड लागल्या. असं का होतं?

बरगडीभोवतीच्या मांसात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असतं. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. त्यासाठी मोठी आच नको, वेळ हवा.

मग काय करायचं?

१. हाडांकडच्या बाजूचा पातळ पडदा सोलून काढा. मीठ, तिखट, जिरेपूड चोळा.
२. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून १५० अंशांवर अडीच ते तीन तास ठेवा.
३. फॉइल उघडा, सॉस लावा आणि २०० अंशांवर १० ते १५ मिनिटं भाजा. सॉसमधला गोडवा लवकर करपतो, म्हणून तो शेवटी.

सॉस कुठून आणायचा?

टोमॅटो, चिंच, लसूण आणि गूळ आटवला की झाला. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा भागात मोहफुलं वेचली जातात. गुळाऐवजी त्यांचा उकळून आटवलेला रसही चालतो.

घाई का नको?

अर्धकच्च्या पोर्कमधून फीतकृमी पोटात जाऊ शकतो. मांस आतपर्यंत किमान ६३ अंश तापलं पाहिजे आणि नंतर ३ मिनिटं तसंच ठेवलं पाहिजे. रिब्ज मऊ होतात त्या ९० अंशांच्या आसपास. म्हणजे नीट मऊ झालेल्या रिब्ज सुरक्षितही असतात.