रानचे धन, गावचे जतन
लेखांक सहावा : मोहोळ राखून काढलेला मध

मागील लेखांकात मोहफुलांचा विचार केला. मोहफूल आपण होऊन गळते, आणि पहाटे ते वेचून नेले तरी झाडाचे काही उणे होत नाही. परंतु मध हा रानातील असा जिन्नस आहे की, तो काढण्याच्या रीतीवरच पुढील साली तो मिळेल की नाही हे अवलंबून असते. म्हणून त्याला स्वतंत्र लेखांक देणे उचित वाटले, आणि त्यासाठी वर्धा जिल्ह्याबाहेर जाण्याचेही प्रयोजन नाही.

आपल्या रानांतील मधाचा मोठा वाटा देते ती आग्या माशी. ती पेटीत राहत नाही. उंच झाडाच्या आडव्या फांदीला किंवा कड्याच्या कपारीला ती एकच भले मोठे उघडे पोळे लावते. त्या पोळ्याचा फांदीला चिकटलेला वरचा, जाड आणि फुगीर भाग तेवढा मधाचा. खाली पसरलेला विस्तीर्ण पडदा म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष यांचे बाळंतघरच होय. परंपरागत रीत अशी की, रात्री टेंभा पेटवून माश्या जाळायच्या, उरलेल्या अंधारात दिशाहीन उधळून लावायच्या, आणि सबंध पोळे तोडून अळ्यांसकट पिळून काढायचे. अशा रीतीने एका वसाहतीचा संहार होऊन हाती येतो तो अळ्यांच्या रसाने गढूळ झालेला, लवकर आंबणारा मध, आणि व्यापारी त्याला भाव देतो तोही तसाच.

वर्ध्याचे डॉ. गोपाल पालीवाल यांनी विदर्भातील आदिवासी मध गोळा करणाऱ्यांना जी अहिंसक पद्धत शिकविली, तिचे मर्म अगदी थोडक्यात सांगता येते. दिवसाउजेडी, अंगभर संरक्षक पोशाख घालून, आगीऐवजी धुराने माश्या बाजूस सारावयाच्या, आणि केवळ मधाचा भाग कापून पिल्लांच्या पोळ्याला हात लावावयाचा नाही. मेणाच्या पातळ झाकणांनी बंद झालेल्या घरांतील मध पक्व समजावा. उघड्या घरांतील मधात पाणी अधिक, तो टिकत नाही. फुलोरा चालू असेल तर माश्या कापलेली जागा पुन्हा बांधून भरू लागतात, आणि त्याच पोळ्यापासून त्याच हंगामात पुन्हा मध घेता येतो.

या विचाराला वर्ध्यात जुनी भूमी लाभलेली आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाला जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तिचे मगनवाडी झाले, आणि संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांनी तुरुंगवासात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या १९४५ सालच्या ग्रंथात अर्थव्यवहारांची जी प्रतवारी लावली, तिच्यात समूहासाठी झटणाऱ्या व्यवस्थेचे उदाहरण म्हणून मधमाशीच घेतली.

तथापि केवळ कसब शिकवून भागेल असे मला वाटत नाही. आज मी राखून ठेवलेले पोळे उद्या दुसराच कोणी जाळून नेणार, अशी ज्याची खात्री आहे, त्याला संयमाचा उपदेश करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वर्धा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजाची जी मालकी देऊ केली, ती आर्वी-कारंजाकडील रानालगतच्या गावांना लाभली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र ही उणीव भरून काढण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच्या व्याख्येत मध आणि मेण नावानिशी आहेत, ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क आहे, आणि रानाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. सामूहिक दावा जिल्हास्तरीय समितीकडून मंजूर झाला, हद्दीची नोंद दप्तरी लागली, की मगच कोणत्या झाडावरील मोहोळे यंदा काढावयाची, कोणती सोडावयाची आणि टेंभा घेऊन येणाऱ्या परक्याला कोणी अडवावयाचे, याचे ठराव ग्रामसभेच्या वहीत लिहिण्याला अर्थ येतो. असे ठराव लेखी असावेत, आणि हंगामापूर्वीच व्हावेत. फुलोरा सुरू झाल्यावर कोणी कोणाचे ऐकत नाही.

हीच अडचण चारोळीच्या बाबतीत अधिक तीव्र होते, कारण दुसरा आधी तोडील या धास्तीने तिची फळे कच्चीच ओरबाडली जातात. तिचा विचार पुढील आठवड्यात करू.