कॅक्टस कुजतो तेव्हा...

तुमच्या गच्चीत एखादा जुना कॅक्टस आहे का? वर्षानुवर्षं मुकाट वाढलेला? असा कॅक्टस एके दिवशी कलतो, बुडाशी मऊ पडतो. ‘काल तर चांगला होता!’ असं आपण म्हणतो. पण कुज एका रात्रीत येत नाही. बहुतेक वेळा ती मातीखाली, मुळांत सुरू होते. खोडात पाण्याचा साठा असल्यामुळे वरून कॅक्टस बरेच दिवस हिरवागार दिसतो.

असं का होतं? मुळांनाही हवा लागते. पावसाळ्यात कुंडीतली माती सतत ओली राहिली, की मुळं गुदमरून मरतात. मग बुरशी किंवा जिवाणू आत शिरतात.

आधी पेन्सिलीने बुंधा हलकेच दाबून पाहा. तपकिरी पण टणक लागला, तर घाबरू नका. ती वयाची खूण. मऊ लागला, पाणी सुटलं, वास आला, तर मात्र ती कुजच! आता कापायलाच हवं. हे काम घरातल्या मोठ्यांकडून करवून घ्या. कागदाच्या जाड घडीने कॅक्टस धरायचा आणि स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने कुजक्या भागाच्या वर कापायचं. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला, तर सुरी पुसून आणखी वर कापायचं. ठिपका अगदी मधोमध असला तरी सोडायचा नाही. कापताना पांढरा चीक आला, तर तो बहुधा कॅक्टस नव्हे, शेराच्या जातीचं झाड असतं. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता लगेच लावायची घाई नको! तुकडा सावलीत, वाऱ्यावर ठेवा. जखम कोरडी, टणक व्हायला एक-दोन आठवडे लागतात. जाड तुकड्याला महिनासुद्धा.

ही युक्ती कॅक्टसचीच बरं का! अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या वाळवंटात सग्वारो नावाचे प्रचंड कॅक्टस आहेत. सुतारपक्षी त्यांत घरट्यासाठी भोक पाडतात. सग्वारो त्या भोकाला आतून कठीण अस्तर करतो. त्यामुळे पाणी वाया जात नाही, रोगही सहसा शिरत नाही. पुढे सग्वारो मरून कुजला, तरी ते अस्तर बुटासारखं शिल्लक राहतं. तिथले आदिवासी ते भांडं म्हणून वापरत.

जखम वाळली, की नव्या कुंडीत जाड वाळू आणि थोडी माती घालून तुकडा लावा. मुळं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने. कुजका भाग आणि जुनी माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका. कुज शेंड्यापर्यंत पोचली असेल, तर मोठं झाड वाचत नाही. पण बाजूची टणक पिल्लं अशीच वाळवून लावता येतात.

आणि एक लक्षात ठेवा. तहानलेला कॅक्टस सुरकुततो, पाणी दिलं की पुन्हा फुगतो. जास्त पाण्याने कुजलेला भाग मात्र परत येत नाही. मग आजच आपल्या कॅक्टसचा बुंधा तपासाल ना?